मदत हवी आहे : इजिप्त-तुर्कस्तानची समूहसहल आणि पत्रकातले दावे

मी फोंड्याचा असून गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. आम्ही अकरा जण मिळून इजिप्त आणि तुर्कस्तानातील प्राचीन स्थळांची बारा दिवसांची सहल करण्याच्या विचारात आहोत. आगाऊ रक्कम भरण्यास आठवडाच उरला असल्याने जाणकारांचा सल्ला हवा आहे.

अडचण पैशांची नाही, आयोजकांच्या जाहिरात पत्रकाची आहे. ‘मानवजातीचा हरवलेला भूतकाळ’, ‘आयुष्य बदलून टाकणारा प्रवास’ इथपर्यंत ठीक. जाहिरातीत एवढे चालायचेच. परंतु गिझाचे पिरॅमिड बारा हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या एका संस्कृतीने उभारले, असे त्यात ठामपणे छापले आहे आणि सोबत येणारे व्याख्यातेही त्याच मताचे आहेत. गिझाचा सर्वांत मोठा, खुफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. २६व्या शतकातला आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे मिळालेल्या पपायरसांवर (प्राचीन इजिप्शियन कागदांवर), त्याच पिरॅमिडसाठी तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड होड्यांनी गिझाला नेणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाच्या रोजच्या नोंदी आहेत. मुकादमाची रोजनिशी हाती असताना बुडालेले लोक कशाला हवेत, हे मला उमगत नाही.

उलट जे खरोखरच अकरा हजार वर्षांहून जुने आहे, त्या तुर्कस्तानातील उर्फा शहराजवळच्या गोबेक्ली तेपेला पत्रकात अर्धाच दिवस दिला आहे. शिकार करून आणि रानात मिळेल ते गोळा करून जगणाऱ्या माणसांनी साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे, कोल्हे-गिधाडे कोरलेले खांब तिथे उभे केले. मला मुख्यतः तेच पाहायचे आहे. हे वेड गोव्यातल्या पणसायमळची प्राचीन कातळशिल्पे पाहताना लागले. रिवणजवळ कुशावतीच्या काठी तिथल्या राखणदाराने जांभ्यावर कळशीभर पाणी ओतले आणि कोरड्या दगडात न दिसणारा बैल शिंगांसकट उमटला. कोणी कोरला, असे विचारल्यावर तो म्हणाला, “आदल्या मनशांनी, आनीक कोणें?” पत्रकापेक्षा हे उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटले.

अशा सहलीत व्याख्यात्यांना टाळून, पुरातत्त्वाची जाण असलेला स्थानिक वाटाड्या स्वतंत्रपणे घेता येतो का, की आयोजक त्याला हरकत घेतात? उर्फाच्या संग्रहालयासह गोबेक्ली तेपे अर्ध्या दिवसात उरकते का? शिवाय खुफूच्या पिरॅमिडमधील चढता बोळ जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. आमच्यातील दोघांचे गुडघे दुखतात, त्यांनी आत जावे की बाहेरच थांबावे? स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया येत्या शुक्रवारपर्यंत कळवावे. एकदा रक्कम भरली की ती परत मिळणार नाही.