शाळेच्या खो-खोचं थेट प्रक्षेपण: चुकलेल्या मुलीचं नाव घ्यावं का?

तिसरी_तुकडी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मोकळेपणानं सांगा.

पेठेतल्या ज्या शाळेत मी शिकले, तिच्या मुलींच्या खो-खो संघाचे सामने मी गेली दोन वर्षं मोबाईलवरून यूट्यूबला थेट दाखवते. १९९४ ते ९७ मी स्वतः या संघात होते, बहुतेक वेळा पळतीच्या तिसऱ्या तुकडीत. पहिल्या दोन तुकड्या टिकल्या की माझी पाळी यायचीच नाही. रेषेबाहेर बसून बघण्यात तीन वर्षं गेली. कोण हुलकावणी देताना डावा खांदा आधी टाकते, खांबावर कुणाचा पाय घसरतो, हे सगळं तेव्हापासून डोळ्यांत बसलंय. माझी मुलगी संघात नाही, ती चित्रकलेत रमते. मी जाते ती माझ्या ओढीनं.

आता बँकेत आहे, त्यामुळे दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मोकळी असते, बाकीच्या वेळी रजा टाकते. सामना बघणारे चाळीस-पन्नास जण. पण कोण बघतं ते सांगते, म्हणजे मला हे का सोडवत नाही ते कळेल. एकीचे वडील पीएमपीच्या बसवर ड्रायव्हर आहेत, ते डेपोत जेवता जेवता बघतात. एकीची आजी मुळशीकडे गावी असते, तिला शेजारचा मुलगा लावून देतो. आमच्या वेळच्या दोघी, एक नाशिकला आणि एक मस्कतला. मस्कतवाली दर सामन्यानंतर मला फोन करून कोण कशी पळाली ते विचारते, सगळं बघितलेलं असूनही.

बोलते मीच. मैदानाच्या कडेला फोन लावून, "पहिली तुकडी आत, नऊ नंबर आक्रमणाला, खांबाकडून वळली, खो!" असं चालू असतं.

गेल्या महिन्यात १७ वर्षांखालील गटाचा उपांत्य सामना होता. शेवटचा डाव, आमचं आक्रमण, बरोबरीला एक गडी हवा आणि चाळीसेक सेकंद उरलेले. समोरची पळणारी फार चपळ होती. आमच्या मुलीनं तिला दोनदा कोपऱ्यात गाठलं, तिसऱ्यांदा घाईत बसलेलीच्या पाठीला हात न लावताच "खो" म्हटलं. शिट्टी. तेवढ्यात पळणारी पार दुसऱ्या टोकाला. आम्ही एका गुणानं हरलो.

आणि मी माइकवर तिचं नाव घेऊन ओरडले, "अगं, हे काय केलंस तू!"

मनात वाईट काही नव्हतं. आपल्या घरच्या मुलीला ओरडावं तशी ओरडले. पण त्याच रात्री कुणीतरी तेवढाच वीस-बावीस सेकंदांचा तुकडा उचलून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. माझ्या आवाजासकट. पुढचे चार दिवस ती सरावाला आली नाही. सरांनी विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती "काही नाही काकू" एवढंच म्हणाली. आता येते सरावाला, पण आक्रमणाला उठायचं असलं की आधी कडेला माझा फोन आहे का ते बघते. ते मला बघवत नाही.

तेव्हा विचारायचंय ते असं: शाळेतल्या मुलींचा खेळ दाखवताना चुकणारीचं नाव घ्यावं की न घ्यावं? की बोलूच नये, नुसता खेळ दाखवावा? आणि दुसरं, एकाच फोनवर खो-खो नीट दिसेल असं काही करता येईल का? आक्रमकाच्या मागे फोन फिरवला की बसलेल्या मुली दिसत नाहीत, लांबून धरला की सगळ्या मुंग्या दिसतात.

---

पंच_निवृत्त

ताई, तुम्ही घरी जाऊन माफी मागितलीत, हे आधी नोंदवतो. चाळीस वर्षं मैदानावर काढली, मोठ्या माणसानं लहान खेळाडूची माफी मागितलेली फार क्वचित पाहिली.

आता तुमचा प्रश्न. खो-खोची बातमी पेपरात कशी येते ते आठवा. नाव, कंसात वेळ, पुढे गडी. अमुक १ मिनिट ५० सेकंद पळाली, तमुकनं तीन गडी टिपले. 'अमुकनं पाठीला हात न लावता खो दिला' असं नाव घालून छापलेलं तुम्ही कधी वाचलंत? माझ्या तरी वाचनात नाही. आमच्या गुणपत्रिकेत कोण कधी बाद झाली, कुणी केली, कशी केली, सगळं लिहिलेलं असतं. पण बातमी लिहिणारा त्यातून पराक्रम उचलतो. ही आपल्या खेळाची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम बांधायला घेतले, तेव्हापासून हा खेळ पुण्याच्या मातीत आहे. त्याच्याबद्दल बोलायची भाषाही इथंच घडली.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही लिहिता की ती चुकली. मी पंच म्हणून ते वेगळं बघतो. दोनदा कोपऱ्यात सापडूनही समोरची निसटली, तिनं तुमच्या मुलीची लय तोडली, म्हणून तिसरा खो घाईत गेला. खो-खोत आक्रमकाच्या बहुतेक फाउलांमागे एखाद्या पळणारीचं कसब असतं. त्या क्षणी बोलायचं होतं ते पळणारीबद्दल: "काय हुलकावणी दिली! खो घाईत गेला, पंचांनी फाउल दिला." यात खोटं काही नाही, लपवलेलंही नाही. आणि समोरच्या शाळेच्या मुलीचंही कौतुक झालं. तिच्या घरचेही बघत असतील, नाही का?

लहानपणी मी रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं समालोचन ऐकायचो. झेल सुटला तरी आधी चेंडू कुठून कसा आला ते चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं. चित्र नीट उभं केलं की दोष द्यायला वेळच उरत नाही.

आणखी एक सुचवतो. सामना बरोबरीत सुटला तर अलाहिदा डाव (म्हणजे जादा डाव), लघुत्तम आक्रमण (म्हणजे कमीत कमी वेळात पहिला गडी कोण टिपतं ते बघणं) हे शब्द येतात. बघणाऱ्या निम्म्या लोकांना ते कळत नाहीत. मध्यंतरात दोन मिनिटं ते समजावून सांगा. तेवढा वेळ तुम्हालाही शांत व्हायला मिळेल.

---

कर्वेनगरकर

नावाचं मोठ्यांनी सांगितलं, मी फोनचं सांगतो. मी माझ्या मुलाच्या कबड्डीसाठी हे सगळं चुका करत शिकलोय.

फोन फिरवू नका. मैदानाची लांबी सुमारे २७ मीटर आहे, ती एका चौकटीत बसवायची तर उंची हवी. मधल्या रेषेसमोर, बाजूला, निदान दहा-बारा फूट वर. शाळेची गॅलरी असेल तर उत्तम, नाहीतर रखवालदाराकडची शिडी आणि तिला घट्ट बांधलेला ट्रायपॉड. उंचीवरून बसलेल्या आठही जणी सुट्या सुट्या दिसतात, कोण कुठे तोंड करून बसलीय तेही कळतं. मग "मुंग्या" वाटत नाहीत, कारण खो-खोत चेहऱ्यापेक्षा मोकळी जागा दिसणं महत्त्वाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो या लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा मी प्रेक्षकांत वर बसलो होतो. मुद्दाम वरच्या रांगेत गेलो आणि पहिल्यांदा हा खेळ नीट समजला.

दुपारचा सामना असेल तर पश्चिमेच्या बाजूला उभ्या राहा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. झूम वापरू नका, चित्र फुटतं. व्हिडिओ ७२०पी दर्जात पाठवा. त्याला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतं, म्हणजे तासाला १.८ जीबी. आदल्या दिवशी त्याच वेळी मैदानावर जाऊन नेटचा वेग तपासा, पेठांत दुपारी आणि संध्याकाळी फार फरक पडतो. कॉलर माइक घ्या आणि त्याला स्पंजची टोपी लावा, नाहीतर नुसता वारा ऐकू येतो. पावसाळ्यातल्या सामन्यांना फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि फडकं जवळ ठेवा.

मैदानावर स्पीकरवर सिनेमाची गाणी लावत असतील तर आयोजकांना विनंती करून बंद ठेवायला सांगा. कॉपीराइट असलेल्या गाण्यामुळे यूट्यूब चालू प्रक्षेपण मध्येच थांबवू शकतं, आमचं अख्खं मध्यंतर त्यात गेलं होतं.

त्या तुकड्याबद्दल: यूट्यूब स्टुडिओत जाऊन झालेल्या प्रक्षेपणातून तेवढा भाग ट्रिम करता येतो, लिंक तीच राहते. ग्रुपवर फिरलेला तुकडा त्यानं पुसला जाणार नाही, पण मूळ जागी तरी राहणार नाही. शिवाय चॅनेलवर व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल. तुमच्या पन्नास जणांना तेवढं पुरे.

---

शिट्टी_आणि_वही

मी दुसऱ्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. थोडक्यात लिहिते, कारण उद्या तालुक्याचे सामने आहेत.

पालकांची लेखी संमती घेतलीत का? घेतली नसेल तर पुढचा सामना दाखवायच्या आधी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, काही मुलींच्या घरी अडचणी असतात, ती मुलगी कुठे आहे ते सगळ्यांना कळून चालत नाही. माझ्या संघात अशी एक आहे. समोरच्या शाळेच्या शिक्षकांनाही विचारायला हवं, हे आपण नेहमी विसरतो.

आणि "नववीतल्या मुलींनाच प्रक्षेपण करू दे" असं कुणी सुचवलं तर: २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्यानं लाइव्ह करता येत नाही. मोठं माणूस सोबत हवंच.

---

खांबाजवळची

मी पंचकाकांशी थोडी असहमत आहे. लहान तोंडी मोठा घास होत असेल तर माफ करा. मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या संघात खेळत होते, आता कॉलेजला आहे.

आमचेही सामने एक दादा दाखवायचा. तो चांगल्या मनाचा होता, चूक झाली की नाव घ्यायचा नाही, गप्पच व्हायचा. मी घरी येऊन व्हिडिओ बघायचे तेव्हा त्या शांततेवरूनच मला कळायचं की इथे मी चुकले. आईलाही कळायचं. माझ्या बाकीच्या खेळाचं बोलणं चालू असायचं आणि तिथे एकदम खड्डा पडल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा नाव घेतलेलं परवडलं असतं.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा आम्ही सगळ्या मैत्रिणी एकत्र बसून फायनल बघितली. प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. त्यातही खेळाडू चुकत होत्या आणि समालोचक नावं घेत होते. मग आमच्या मनात आलं, आम्हाला पण खेळाडू म्हणूनच बघा ना. फार जपलं की आम्ही छोट्या आहोत असं वाटतं.

पण काकू, तुमचं वाक्य "हे काय केलंस तू" हे त्या मुलीशी बोललेलं होतं, आणि ऐकत होते सगळे. ते लागतं. "खो लवकर गेला, फाउल" हे खेळाबद्दल आहे, ते नाव घेऊन म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणि मग पाच सेकंदांनी ती परत उठून धावली असेल ना? तेव्हाही तिचं नाव घेतलंत का?

एक सांगू? तिलाच विचारा.

---

तिसरी_तुकडी

सगळ्यांचे आभार. पंचकाका, तुमचं पळणारीबद्दलचं वाचून मी तो व्हिडिओ परत लावला. तुमचं अगदी बरोबर आहे. समोरच्या मुलीनं तिसऱ्या वेळी चौथ्या आणि पाचव्या मुलीच्या मधून जी दिशा बदलली, ती मी त्या दिवशी बघितलीच नव्हती. मी नुसती आमच्या मुलीकडे बघत होते. तीन वर्षं बाहेर बसून शिकलेलं त्या चाळीस सेकंदांत विसरले.

आणि खांबाजवळची, तुझा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. कारण हो, ती शिट्टीनंतर लगेच पुन्हा उठली होती. शेवटच्या बारा सेकंदांत तिनं खांबाकडे सूर मारला, हात वीतभर कमी पडला. त्यावर मी एक शब्द बोलले नव्हते.

काल सरावाला गेले. फोन पर्समध्येच ठेवला. सराव संपल्यावर तिच्याजवळ बसले, ती पायाला लागलेली माती काढत होती. तिला तुझं म्हणणं सांगितलं आणि विचारलं, नाव घेऊ की नको. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "घ्या काकू. पण फाउल म्हणजे काय ते आधी सांगा. माझ्या आजीला वाटलं मी भांडले म्हणून शिट्टी वाजली."

मुळशीची आजी तिचीच, हे मला माहीत नव्हतं.

तो भाग काल रात्रीच ट्रिम केला, फक्त शिट्टीपासून माझ्या वाक्यापर्यंतचा. सूर मारलेला ठेवलाय. संमतीपत्राचा मसुदा सरांना दिला, समोरच्या शाळेला ते स्वतः फोन करणार आहेत. पुढचा सामना चौथ्या शनिवारी दुपारी साडेतीनला, गॅलरीची किल्ली मिळणार आहे. पंचकाका, तुम्ही मध्यंतरात पाच मिनिटं माइकवर याल का? फाउल, लघुत्तम आक्रमण, सगळं तुमच्या तोंडून आजीला ऐकवायचंय.

---

पंच_निवृत्त

तीन वाजता येतो. आजींना सांगून ठेवा.