टीव्ही कोणाकडे बघायचात? आणि तिथे खायला काय मिळायचं?

परवा भाचीने विचारलं, मावशी तुमच्या लहानपणी टीव्हीवर काय लागायचं गं? म्हटलं काय लागायचं ते नंतर, आधी कोणाकडे लागायचं ते विचार.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आमच्या मजल्यावर (बीडीडी चाळ, नायगाव) पहिला टीव्ही यायला पुढे काही वर्षं गेली, तोही जिन्याजवळच्या खोलीत, कारण ते काका बँकेत होते. चार पायांचा, लाकडी खोक्यातला, सरकत्या शटरचा. ते शटर उघडायचा मान त्यांच्या धाकट्याचा, म्हणून आठवडाभर त्याला डबा ऐसपैसमध्ये कोणी राज्य द्यायचं नाही. रविवारी संध्याकाळी हिंदी पिक्चर असला की १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खा मजला. पुढे बारकी पोरं मांडी घालून, मग बायका, पुरुष दारात उभे, आणि उशिरा आलेले बाहेरून खिडकीच्या गजांना धरून. पिक्चरच्या मध्येच बातम्या लागायच्या तेवढ्यात निम्म्या बायका धावत जाऊन भात टाकून यायच्या. आणि त्या काकू तेव्हाच पितळी डब्यातून चणे-कुरमुरे वाटायच्या, मूठ मोजून, पण एकालाही वगळायच्या नाहीत.

तर लिहा तुमच्याकडचं. टीव्हीच पाहिजे असं नाही, रेडिओ, नाटक, गणपतीतले कार्यक्रम काहीही चालेल. अट एकच, खाण्याबद्दल लिहिल्याशिवाय जायचं नाही.

माजी गिरगावकर

टीव्ही आमच्याकडे उशिरा आला. आमची चैन म्हणजे गणपतीत रस्त्यावरचा पिक्चर. गल्लीच्या या टोकाच्या गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत दोऱ्या बांधून पांढरा पडदा ताणायचे, १६ एमेमचं प्रोजेक्टर टेबलावर, आणि समोरची जागा सहा वाजल्यापासून गोणपाटं, चपला, विटा ठेवून बुक. आम्हा पोरांना कायम पडद्याच्या मागे बसावं लागायचं. मागून पिक्चर नीट दिसतो, फक्त सगळं उलटं. नावं उलटी, गाडीचं स्टिअरिंग भलत्या बाजूला, हिरो डाव्या हाताने ठोसे मारतोय. रीळ बदलताना पाच मिनिटं गेली की शिट्ट्या, आणि तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून कोणाची तरी आई नावाने हाक मारणार, तीही पूर्ण नावाने. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमचे आजोबा मॅजेस्टिकबद्दल फार अभिमानाने सांगायचे. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तिथेच लागला, १४ मार्च १९३१. मी बघितलं ते मात्र थेटर पाडून झालेलं शॉपिंग सेंटर.

खाणं: रिझल्ट चांगला लागला तर ठाकूरद्वारला विनयमध्ये मिसळ. एरवी पणशीकरांकडे पियुष, दोन भावंडांत एक ग्लास. अर्ध्यावर बोट लावून धरायचं आणि दुसऱ्याने पिताना डोळ्याची पापणी लववायची नाही.

लालबागची

मी टीव्ही बघितला तो बहुतेक आवाज बंद करून. हसू नका. आमच्या शेजारच्यांकडे टीव्ही होता आणि ते काका रात्रपाळी करून आलेले पडद्यामागे झोपलेले असायचे, त्यामुळे आवाज इतका बारीक की छायागीतात ओठ बघून गाणं ओळखायचं. त्यातही भांडणं व्हायची, कुजबुजत.

वडील कापड गिरणीत, साच्यावर (म्हणजे मागावर). आई खानावळ चालवायची. गावाहून आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, त्यातले बरेचसे आमच्याकडे महिनेवारी जेवायचे. भिंतीला फळी, त्यावर डबे, डब्यांवर लाल ऑइलपेंटने पहिली अक्षरं. सकाळच्या पाळीच्या भोंग्याआधी आईच्या भाकऱ्यांची चवड तयार. बुधवारी बांगड्याचं तिखलं, पावसात सुकट नाहीतर वालाचं बिरडं, रविवारी मटण, आणि त्या दिवशी जेवायला बसलेले मामा (सगळे मामाच) आपल्या ताटातली नळी मला द्यायचे. ती ताटावर आपटून आतला मगज काढायचा. तेवढा ठणठणाट आईला चालायचा.

जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. आधी सगळ्यांना वाटलं होळीपर्यंत मिटेल, मग म्हणाले गणपतीपर्यंत. मामा लोक एकेक करून गावी गेले, काही जण बाकी ठेवून गेले, आईने वहीत लिहून ठेवलं पण मागितलं कधी नाही. फळीवरचे डबे तसेच. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला एशियाड, सगळ्या देशात रंगीत टीव्हीचं कौतुक, पेपरात पानभर जाहिराती. आमच्या शेजारच्या काकांनी त्याच दिवसांत आपला ब्लॅक अँड व्हाइट विकला. लॉरी रोडवर उभी होती आणि मजल्यावरची पोरं जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली.

नंतर आईने पोळीभाजीचे डबे ऑफिसवाल्यांना द्यायला सुरुवात केली. ऑफिसवाल्यांना तिखलं नको होतं, त्यांना बटाट्याची पिवळी भाजी हवी. घरात कितीतरी दिवस तीच.

नाव नको

सगळं वाचलं. छान लिहिलंय पण एक बाजू राहतेय म्हणून लिहिते.

आम्हाला आत घ्यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर गॅलरीत बसायचं, दारातून जेवढं दिसेल तेवढं. आतल्या पोरांना बशीत काहीतरी मिळायचं, आमच्यापर्यंत बशी यायची नाही, आणि का यायची नाही ते आम्हाला कोणी सांगायला लागायचं नाही. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. कधी कधी पिक्चर रंगात आला की त्या बाई शटर ओढायच्या, 'जा आता, अभ्यास करा'. आतली पोरं बसलेलीच.

वडिलांनी क्रेडिट सोसायटीचं कर्ज काढून टीव्ही घेतला तेव्हा मी सातवीत. पहिल्या रविवारी मजल्यावरची बरीच पोरं आमच्या दाराशी आली, त्यात त्यांचीही. आईने दार आतून लावून घेतलं आणि आम्हा तिघांना गरम गरम कांदाभजी तळून दिली, एका वेळी एक घाणा, शेवटपर्यंत. लोक म्हणतात चाळीत दारं कायम उघडी असायची. आमचं त्या दिवशी बंद होतं आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

लालबागची

ताई, मनापासून नमस्कार तुमच्या आईला.

पंचाहत्तरीतला दादरकर

तुमचा टीव्ही म्हणजे कालची गोष्ट हो. मी ट्राममध्ये बसलेला माणूस आहे. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली ती बघायला वडिलांच्या खांद्यावर नाही, चांगला चालत गेलो होतो, प्रचंड गर्दी. घरी रेडिओ होता, त्याचं लायसन पोस्टात जाऊन भरावं लागे. संध्याकाळी कामगार सभा, रात्री आपली आवड. बुधवारची रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला मात्र घरी लावायला बंदी, सिलोन म्हणजे उडाणटप्पूंचं काम असं वडिलांचं मत. मग आम्ही इराण्याकडे. एक चहा, एक ब्रून मस्का, तिघे जण, आणि आठ वाजता गाणी सुरू झाली की इराण्याचा पोऱ्या टेबल पुसायच्या निमित्ताने आमच्या कपाकडे बघत फेऱ्या मारायचा. मस्का अगदी हळू खायचा, पहिल्या पायदानाचं गाणं येईपर्यंत पुरला पाहिजे.

नाटकं शिवाजी मंदिरला. १९६५ला ते झालं आणि दादरकरांची सोय झाली. पण खरं सांगतो, तिसरा अंक किती जणांना आठवतो माहीत नाही, मध्यंतरातला बटाटेवडा सगळ्यांना आठवतो. पडदा पडायच्या जरा आधीच मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागायच्या आणि स्टेजवरच्या नटालाही कळायचं की आता वडे तळायला घेतले.

शिवाजी पार्क, सध्या न्यू जर्सी

काका वड्याचं एक नंबर!! आमच्याकडे बाबांचा पगार झाला की प्रकाशमध्ये साबुदाणा वडा, एवढीच महिन्याची चैन, मग डबलडेकरने उगाचच म्युझियमपर्यंत जायचं आणि यायचं. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट. ती मिळाली नाही तर बाबा खरंच पुढची बस येईपर्यंत थांबायचे, आई वैतागायची. उन्हाळ्यात काच उघडी, झाडाच्या फांद्या आत यायच्या. २०२३च्या सप्टेंबरमध्ये जुन्या डिझेल डबलडेकर बंद झाल्या तेव्हा इथे बसून व्हिडिओ बघत होते. नवऱ्याला (नागपूरचा) काही कळेना की बस बघून काय रडायचं.

आरे एनर्जी कोणाला आठवतं का? काचेची बाटली, थंडगार, परत द्यायची म्हणून तिथेच उभं राहून प्यायची.

डोंबिवली फास्ट नाही, स्लो

आमचा जमाना व्हीसीआरचा. शनिवारी रात्री कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने, बिल्डिंगमध्ये वर्गणी, गच्चीवर ताडपत्री. तीन कॅसेट असायच्या कारण भाडं रात्रीचं, मग ते वसूल करायचं. पहिला पिक्चर सगळ्यांनी बघायचा, देवाधर्माचा नाहीतर कौटुंबिक. दुसरा मारामारीचा. तिसरा कुठला होता हे आजतागायत एकानेही सांगितलेलं नाही, सगळे आडवे. मधेच हेडमध्ये कचरा आला की चित्रावर मुंग्या, मग तो भाड्याने देणारा पोरगा ऐटीत नोट काढून हेड पुसायचा. खायला फरसाण, गोल्ड स्पॉट (मोठ्यांना) आणि कोकम सरबत (आम्हाला). पहाटे तळमजल्यावरच्या आजी पातेलंभर उपमा पाठवायच्या, त्यात शेंगदाणे भरपूर.

माजी गिरगावकर

अरे अँटेनाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून! पावसाळ्यात कावळा बसला की अँटेना फिरायची. तोंड वरळीकडे पाहिजे, दूरदर्शनचा टॉवर तिथे. एक जण गच्चीवर, एक तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, एक पहिल्या मजल्यावर, एक टीव्हीसमोर. टीव्हीसमोरचा ओरडणार 'आलंऽऽ', ते वरपर्यंत पोचेस्तोवर गच्चीवरच्याने आणखी जरा फिरवलेलं असायचं. मग खालून 'गेलंऽऽ, परत फिरव', वरून 'कुठल्या बाजूला?', खालून 'मघाचच्या'. मधल्या गॅलरीतला पहिलवान बिडी पीत बसलेला असायचा आणि त्याच्या मनाला येईल तो निरोप वर पाठवायचा. आम्हाला हे कळलं तेव्हा केबल आली होती.