मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर मी अगदी नवीन आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट २२ बसवून दिलं आणि तो नोकरीच्या गावी परत गेला. मशीन आधीपेक्षा हलकं चालतंय, मराठी टायपिंगही जमलं. अडलंय ते फक्त इंटरनेट. मी प्राथमिक शाळेत शिकवते, शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचे कागद मुलांसाठी याच लॅपटॉपवर काढायचे असतात, त्यामुळे घाई आहे.

वायफायचा पासवर्ड घेतला जातो आणि खाली कोपऱ्यात पूर्ण सिग्नल दिसतो. फायरफॉक्स मात्र प्रत्येक वेळी साइट सापडत नाही असंच सांगतो. अपडेट मॅनेजरही चालत नाही, म्हणजे एकट्या ब्राउझरचा दोष नसावा. याच वायफायवर माझा मोबाइल व्यवस्थित चालतो (हा धागाही त्याच्यावरूनच लिहितेय). लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की सगळं उघडतं. घरचं कनेक्शन गावातल्या केबलवाल्यांचं आहे, त्यांचा माणूस म्हणतो, ‘मोबाइलवर चालतंय ना, मग तुमच्या लॅपटॉपमध्येच गडबड आहे.’

कुठून तपासायला सुरुवात करू? टर्मिनल उघडता येतं, पण आज्ञा सगळ्या नव्या आहेत.

प्रतिसाद

मिंट काढा आणि दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाकून बघा. मला एकदा वायफायचा त्रास होता, तो असाच गेला होता.

प्रतिसाद

ताई, कृपा करून काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका. हॉटस्पॉटवर सगळं उघडतं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. वायफायचं कार्ड, त्याचा ड्रायव्हर, फायरफॉक्स या सगळ्यांवरचा संशय त्या एका वाक्याने जवळपास मिटतो. बिघाड घरच्या कनेक्शनच्या वाटेवर आहे. आता ती वाट नेमकी कुठे तुटते ते बघू.

घरच्या वायफायला जोडून टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ ही आज्ञा द्या. अक्षरं इंग्रजी, दोन्ही शब्द छोट्या लिपीत, मध्ये एक जागा. वायफाय कार्डाच्या नावाखाली १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला किंवा काहीच नसलं तर पत्ताच मिळालेला नाही, मग पुढचं बघण्यात अर्थ नाही, तसं इथे कळवा.

पत्ता असेल तर ‘आयपी राउट’ द्या. ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढे जो आकडा येतो तो तुमच्या राउटरचा. त्याला पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ ही आज्ञा आणि पुढे तो आकडा लिहा; समोरून उत्तर येतं का ते कळतं. मग ८.८.८.८ ला पिंग करा, हा गूगलचा सर्व्हर आहे. शेवटी विकिपीडियाचा पत्ता नावाने लिहून पिंग करा. लिनक्समध्ये पिंग आपोआप थांबत नाही. चार-पाच ओळी आल्या की कंट्रोल धरून सी दाबा.

आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर आणखी एक करा: घरातला दुसरा एखादा फोन, मोबाइल डेटा बंद करून, याच वायफायवर चालवून बघा.

धागाकर्ती

दादा, अगदी तसंच निघालं. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७, राउटर १९२.१६८.१.१. राउटरला पिंग लगेच. ८.८.८.८ लाही उत्तर आलं, साधारण ३० मिलिसेकंद दिसतात. विकिपीडियाला मात्र ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’.

सासूबाईंच्या फोनचा डेटा बंद केला तर वायफायवर त्यांचंही काही उघडेना. त्यांचा डेटा कायम चालू असतो म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण मग माझ्याच फोनवर कसं चालतं?

एका ठिकाणी वाचलं की ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नावाची फाइल दुरुस्त करायची. उघडून पाहिली तर आत १२७.०.०.५३ असा पत्ता आहे. तो बदलू का?

प्रतिसाद

नको, ती फाइल आहे तशी राहू द्या. १२७.०.०.५३ म्हणजे तुमच्याच लॅपटॉपमधली एक सेवा, ‘सिस्टिमडी रिझॉल्व्ह्ड’. सगळे प्रोग्रॅम नावाची चौकशी तिच्याकडे करतात आणि ती पुढे खऱ्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला विचारते. ती फाइल यंत्रणा स्वतः लिहिते, त्यामुळे तिथे हाताने केलेला बदल टिकत नाही. ही सूचना नेटवर जागोजागी सापडते आणि नवीन माणूस तिच्यात नाहक अडकतो.

खरा सर्व्हर कोणता ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा सांगेल. बहुधा तिथे तुमचा राउटरच, म्हणजे १९२.१६८.१.१ दिसेल. राउटर ती चौकशी केबलवाल्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो, आणि माझ्या मते तोच बंद पडलाय. पडताळा घ्या, ठरावीक सर्व्हरला नाव विचारणारी आज्ञा देऊन: ‘एनएसलुकअप’, मग विकिपीडियाचा पत्ता, शेवटी १९२.१६८.१.१. ताटकळून टाइमआउट (उत्तर न आल्याचा संदेश) आला पाहिजे. मग शेवटी १.१.१.१ लिहून तेच विचारा, हा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर. इथे लगेच उत्तर आलं तर शंका उरत नाही.

तुमच्या फोनबद्दल: अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरलेलं असलं तर फोन साइटच्या नावांची चौकशी राउटरऐवजी त्या सर्व्हरकडे करतो.

पडताळा जमला की वायफायच्या चिन्हावरून नेटवर्क सेटिंग्जमध्ये जा, घरच्या वायफायसमोरचं चक्र दाबा, आयपीव्ही ४ मध्ये डीएनएससमोरचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि १.१.१.१ व ८.८.८.८ भरा. लागू करा, वायफाय एकदा बंद-चालू करा.

धागाकर्ती

साइट उघडल्या! राउटरला विचारलं तर टाइमआउट, १.१.१.१ ला विचारलं तर क्षणात उत्तर. माझ्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला नाव भरलेलं निघालं, तेही भाच्याचंच काम, जाहिराती कमी याव्यात म्हणून.

फक्त एक राहिलंय. काही साइट उघडताना आधी बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम येतात. हे असंच असतं का?

प्रतिसाद

असं असायला नको. पुन्हा ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ बघा. डीएनएस सर्व्हरच्या यादीत एफई८० ने सुरू होणारा लांब पत्ता आहे का? असला तर तो तुमचा राउटरच, आयपीव्ही ६ च्या, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या, वाटेने परत आलेला. लॅपटॉप मध्येच त्याला विचारतो, उत्तराची वाट बघतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. त्याच सेटिंगमध्ये आयपीव्ही ६ च्या पानावरही डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा. तिथे काही भरलं नाही तरी चालेल.

धागाकर्ती

एफई८० होता. बंद केला, आता पानं झटकन उघडतात. दादा, मनापासून आभार. सरावाचे कागद उतरवून घेतले.

केबलवाल्यांना काय सांगू? त्यांच्या माणसाला लॅपटॉपच बिघडलाय असं वाटतंय. आणि शाळेच्या वायफायवर ही नवी सेटिंग आड येणार नाही ना?

प्रतिसाद

शाळेचं काही बिघडणार नाही. ही सेटिंग त्या एका वायफायच्या नावापुरतीच साठवली जाते.

केबलवाल्यांना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ८.८.८.८ ला पिंग जातं, राउटरकडून नावाची चौकशी केली की टाइमआउट येतो, घरातल्या दुसऱ्या फोनवरही तेच होतं, तेव्हा राउटरमध्ये भरलेले डीएनएस पत्ते तपासा. राउटरमध्येच ते बदलले की सासूबाईंचा फोनही वायफायवर चालेल. माणूस घरी आला तर ‘एनएसलुकअप’ त्याच्यासमोरच चालवून दाखवा.