मदत हवी आहे: पायथनमध्ये क्लासचा बेस बदलू देत नाही

उद्यमबागकर: फाउंड्रीच्या डिस्पॅचचं चलान छापायचा प्रोग्रॅम. चलान क्लासला (चलानाच्या साच्याला) बेस, म्हणजे ज्याच्याकडनं तो छपाईचं काम उचलतो तो क्लास, कधी डॉटमॅट्रिक्सचा, कधी लेझरचा द्यायचाय. चलान.__बेसेस__ = (लेझर,) लिहिलं की टाइपएरर. गाडी गेटवर उभी आहे, लवकर सांगा.

निपाणीवाला: एरर अख्खी टाका की.

टिळकवाडी_कोडर: बेस बदलायचाच कशाला? चलान म्हणजे प्रिंटर नव्हे, चलानाला प्रिंटर लागतो. प्रिंटरचा ऑब्जेक्ट __इनिट__मध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालतं ते फंक्शन) द्या, विषय संपला.

खानापूरहून: एवढं कशाला, एक्सेलमध्ये करून सोडा. आमचं तसंच चाललंय.

उद्यमबागकर: एक्सेल कोण विचारलं? @टिळकवाडी, बरोबर असेल, खरं कोडभर सेल्फ.ओळ() (बेसमधलं ओळ छापायचं फंक्शन) पसरलंय, आता कोण बदलत बसणार! एरर: 'लेझर' डीअ‍ॅलोकेटर डिफर्स फ्रॉम 'ऑब्जेक्ट'.

निपाणीवाला: चलानला आत्ता बेस कुठला? का नुसतंच 'क्लास चलान:'?

उद्यमबागकर: नुसतंच. मग काय असणार?

निपाणीवाला: तिथंच अडलंय. बेस दिला नाही की क्लास थेट 'ऑब्जेक्ट' या पायथनच्या मूळ क्लासवरून येतो, आणि अशा क्लासचे बेसेस बदलू देत नाही, पायथनचा जुना बग आहे. 'क्लास कोरा: पास' असा रिकामा क्लास करा, 'क्लास चलान(कोरा):' लिहा, मग बदला. लेझरमध्ये __स्लॉट्स__ (ऑब्जेक्टमध्ये काय काय ठेवायचं त्याची ठरीव यादी) भरलेले असतील तर मात्र 'लेआउट डिफर्स' म्हणून परत अडेल.

टिळकवाडी_कोडर: आणि एकाच प्रोग्रॅममध्ये दोन खिडक्या उघड्या असल्या तर? एकीनं लेझर लावला की दुसरीचंही चलान लेझरवर. बेसेस क्लासचे असतात, एकेका ऑब्जेक्टचे नव्हेत. हे कोण सांगणार?

निपाणीवाला: गाडी उभी आहे हो त्यांची. डिझाईन उद्या शिकवा.

टिळकवाडी_कोडर: उद्या कोण करतंय! असलाच कोड वर्षानुवर्षं चालतो.

चिकोडी_०७: लेझरचा विषय निघालाच आहे तर, कन्नड पत्ता छापला की आमच्याकडे नुसती चिन्हं येतात. काय करायचं?

खानापूरहून: नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेलं असणार. युनिकोडमध्ये घ्या.

उद्यमबागकर: कोरा घालून झालं! पहिलं चलान निघालं. दुसरं 'अ‍ॅट्रिब्यूटएरर, ट्रे नाही' म्हणतंय. आता हे काय नवीन?

निपाणीवाला: दुसरं बेस बदलायच्या आधीच तयार करून ठेवलंय का?

उद्यमबागकर: होय की, पहिलं सोडून बाकी सगळी सकाळीच लोड होतात.

निपाणीवाला: मग त्याच्यावर लेझरचा __इनिट__ चाललेलाच नाही, ट्रे येणार कुठून? बेस आधी बदला, चलानं मागनं लोड करा.

टिळकवाडी_कोडर: किंवा प्रिंटर बाहेरून द्या.