प्रायमसीला मराठीत काय लिहाल?

मुक्ता_रावपुरा: लुईझियानाच्या कायद्यावरच्या एका मजकुराचं मराठी करतेय, 'प्रायमसी'वर गाडी अडलीय. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडायच्या विहिरींना क्लास सिक्स म्हणतात, त्यांचं परमिट एरवी केंद्राची ईपीए, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्था देते, पण राज्याचे नियम निदान तितके कडक असले की ते काम राज्याकडे जातं, तीच प्रायमसी. नॉर्थ डकोटाला हे २०१८ला मिळालं, वायोमिंगला २०२०ला, लुईझियानाला त्यानंतर. कोशातलं 'प्राधान्य', 'अग्रस्थान' इथे साफ चुकतं.

वाडीकर: 'मुखत्यारी' लिहा. मूळ हक्क ईपीएचाच, राज्याने कसूर केली तर ती परत काढून घेऊ शकते. मुखत्यारपत्राचंही तेच असतं ना!

शब्दनिष्ठ: पुन्हा अरबी-फारसी? 'प्रदत्ताधिकार' सरळ आहे.

वाडीकर: अहो, आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ला सयाजीशासनशब्दकल्पतरु हा कारभाराच्या शब्दांचा कोश काढला त्यात संस्कृतच्या शेजारी फारसीचाही रकाना होता. कचेरीत ज्या शब्दावर काम होतं तो आपलाच. प्रदत्ताधिकार कोण बोलतं?

कोयलीकडचा: माझं दुखणं वेगळंच, 'विहीर' म्हटलं की पाणी उपसायचं डोळ्यापुढे येतं. वडील अंकलेश्वरला ओएनजीसीत होते, आमच्याकडे कायम 'आज वेलवर नाइट आहे' असंच. 'वेल'च ठेवा.

मुक्ता_रावपुरा: दादा, 'वेल' लिहिलं तर वाचणाऱ्याला मांडवावरची वेल वाटेल.

कोयलीकडचा: बरं, पण गॅस जमिनीत सोडण्याला 'साठवण' तरी नको. साठवलेलं आपण पुढे काढून वापरतो. २०१९ला आपल्या कोयलीच्या रिफायनरीतला हाच गॅस गंधारच्या तेलक्षेत्रात सोडायचा करार झाला, तो तेल वर ढकलायला. अमेरिकेत तशी वेल क्लास टूमध्ये जाते, कायमचा ठेवायला सोडला तर क्लास सिक्स. हेतूवरून वर्ग ठरतो, मग शब्दातही तो दिसायला हवा. 'जिरवणं' म्हणा, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' सगळ्यांना माहीत आहे.

शब्दनिष्ठ: हा अस्सल मराठी, याला माझी हरकत नाही.

वाडीकर: माझी आहे. जिरलं म्हणजे संपलं. हा गॅस साधारण ८०० मीटरच्या खाली दाबाने घट्ट होऊन खडकाच्या छिद्रांत बसतो, थोडा खाऱ्या पाण्यात विरघळतो, पण बराचसा तसाच राहतो. म्हणून तर सोडणं बंद केल्यावरही एरवी ५० वर्षं लक्ष ठेवायचा नियम आहे. जिरलेल्यावर कुणी पहारा ठेवतं का?

कोयलीकडचा: पावसाचं पाणी जिरलं तरी खाली असतंच की काका, उन्हाळ्यात त्याच्यावरच विहिरी चालतात.

शब्दनिष्ठ: मग 'मुरवणं'?

वाडीकर: ते तर नकोच. 'पाणी मुरतंय' वाचलं की लोकांना आधी लबाडीचा वास येतो, आणि हे सरकारी परवान्याचं काम आहे.