मीटरचा डबा आणि १७२५४ व्होल्ट

ए-१०२ (सेक्रेटरी): मंडळी, पंप, लिफ्ट आणि सोलरच्या मीटरचं रीडिंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यावं म्हणून डबा बसवला, त्याला आठ दिवस झाले. अजून रीडिंगचा पत्ता नाही. बसवणारा म्हणतोय डबाच खराब, नवीन घ्या.

सी-४०१: परत वर्गणी? मी देणार नाही. आधीच सांगतो.

ए-३०४ काकू: कसला डबा? जिन्याखालचा कचऱ्याचा?

बी-२०३: नाही ओ काकू 😄 कन्व्हर्टर. मीटर दोन वायरवर बोलतात, मॉडबस आरटीयू. कॉम्प्युटरला लॅन केबल लागते, मॉडबस टीसीपी. हा डबा मधला दुभाषा. सेक्रेटरी काका, एक रुपया देऊ नका. शिरोलीला फाउंड्रीत माझं रोजचं हेच काम आहे. आज सेकंड शिफ्ट हाय, सकाळी बघतो.

ए-१०२ (सेक्रेटरी): बघ बाबा. किल्ली वॉचमनकडे आहे.

बी-२०३: बघितलं. डबा ठणठणीत हाय. राउटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१ च्या मालिकेतला आणि डब्याचा १९२.१६८.० च्या, मग कॉम्प्युटरला दिसणार कसा? लॅपटॉप थेट जोडला, डब्याचं पान ब्राउझरमध्ये उघडलं, आयपी बदलून पक्की केली. पोर्ट ५०२ (मॉडबसचं ठरलेलं दार) तसाच ठेवला.

बी-२०३: दुसरं, तिन्ही मीटरची आयडी १! कंपनीतून तशीच येतात. हाक मारली की तिघंही एकदम ओ देणार, कुणाचंच धड ऐकू येत नाही. बटणं दाबून १, २, ३ केली. लिफ्टच्या मीटरची पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) इव्हन होती, बाकी दोघांची नन, म्हणजे नाहीच. सगळीकडे वेग ९६००, पॅरिटी नन केली. डब्यातही तेच.

ए-१०२ (सेक्रेटरी): मग आलं का रीडिंग?

बी-२०३: दोनच आली, सोलर गप्प. ए आणि बी वायर उलट्या असणार म्हणून अदलाबदल केली, लगेच बोलला. याचा दोष बसवणाऱ्याला देत नाही, कुणाचा ए म्हणजे दुसऱ्याचा बी असतो. पण केबल लिफ्टच्या थ्री-फेजला चिकटवून नेलीय, त्याची खरखर आत शिरते, ते मात्र चुकलंच. वेगळ्या पाईपमधून घेऊया. सिग्नल टोकावर आपटून परत फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टन्स लावलेत. साठेक मीटर लांबीच्या केबलला त्याशिवायही चाललं असतं, पण दोन-चार रुपयांत कशाला मन मारायचं.

ए-१०२ (सेक्रेटरी): अरे, स्क्रीनवर पंपाचं व्होल्टेज १७२५४ आलंय! मेन स्विच पाडू का??

ए-३०४ काकू: अगंबाई! माझा मिक्सर चालू आहे!

बी-२०३: काकू, चटणी होऊ द्या निवांत. काका, काही पाडू नका. मीटर एक आकडा दोन रजिस्टरात (आकडे ठेवायच्या खणांत) तोडून पाठवतोय आणि कॉम्प्युटर पहिलाच तुकडा साधा आकडा म्हणून वाचतोय. २३० चा वरचा तुकडा नेमका १७२५४ च होतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीला ‘फ्लोट’ (दशांशाचा आकडा) निवडा. तरी वेडंवाकडं आलं तर खाली ‘वर्ड स्वॅप’ला (तुकड्यांची अदलाबदल) टिक करा.

ए-१०२ (सेक्रेटरी): केलं. २३०.४ 👍 नाद खुळा!

डी-१०१: दादा, मला पुण्यातनं मोबाईलवर बघता येईल का? राउटरला पोर्ट ओपन करून?

बी-२०३: अजिबात नको. मॉडबसला पासवर्डच नसतो. १९७९ साली कारखान्याच्या आतल्या आत बोलायला काढलेली भाषा ती. पोर्ट उघडला की वाटेल तो येऊन रजिस्टरं लिहून जाईल. हवं तर व्हीपीएन (नेटवरून आपल्यापुरती कुलूपबंद वाट) करू, पण नंतर. सेटिंगचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय, फाडू नका.

ए-१०२ (सेक्रेटरी): पोरा, रविवारी तांबडा-पांढरा आमच्याकडं.

ए-१०२ (सेक्रेटरी): (दुसऱ्या दिवशी) मंडळी, ग्राफमध्ये पंप रात्री अडीच ते पाच चालू दिसतोय. कुणी लावला होता?

सी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-३०४ काकू: तरीच पहाटे टाकीतनं धो-धो आवाज येत होता.