मदत हवी आहे : लिबियावरील अभिरूप सुरक्षा परिषदेत तटस्थ भारताला बोलते कसे करावे?

आमच्या महाविद्यालयातील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही सुरक्षा परिषदेचे अभिरूप अधिवेशन घेत असून, लिबियातील नागरिकांच्या संरक्षणासाठी १७ मार्च २०११ रोजी संमत झालेला ठराव १९७३ हा त्याचा विषय आहे. त्या दिवशी दहा मते बाजूने पडली, विरोधात एकही नव्हते आणि भारत, ब्राझील, चीन, जर्मनी व रशिया तटस्थ राहिले. अडचण नेमकी याच पाच खुर्च्यांची आहे. तालमीत ‘भारत’ झालेल्या विद्यार्थिनीने संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताचा अहवाल अद्याप आलेला नाही, प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती अपुरी आहे आणि कारवाई कोण व कशी करणार हे स्पष्ट नाही, हे तेव्हाचे अधिकृत मुद्दे उत्तम मांडले. मात्र त्यानंतर तिला करण्यासारखे काही उरले नाही आणि चर्चा फ्रान्स, ब्रिटन व लेबनॉन यांच्यातच फिरत राहिली.

२००५ च्या जागतिक शिखर परिषदेच्या दस्तऐवजातील, लोकांचे वंशसंहारासारख्या अत्याचारांपासून संरक्षण करण्याच्या जबाबदारीविषयीचे परिच्छेद १३८ व १३९, तसेच लिबियावर निर्बंध लादणारा व भारताने पाठिंबा दिलेला आधीचा ठराव १९७० सर्वांनी वाचला आहे. ‘संरक्षण करतानाची जबाबदारी’ (नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरतानाही संयम व उत्तरदायित्व हवे) ही ब्राझीलची मांडणी सोयीची ठरली असती, परंतु ती नोव्हेंबर २०११ ची आहे आणि मतदानानंतरचे काहीही वापरायचे नाही, हा नियम आम्हाला मोडायचा नाही. एकूण वेळ तीन तास असून कामकाज मराठीतूनच चालेल.

‘सर्व आवश्यक उपाय’, म्हणजे लष्करी बळही, योजण्याची मुभा देणाऱ्या ठराव १९७३ च्या चौथ्या परिच्छेदाला भारताने कोणत्या दुरुस्त्या सुचवल्यास त्या तत्कालीन भूमिकेशी सुसंगत ठरतील, आणि मतदानापूर्वीच्या अनौपचारिक वाटाघाटींसाठी तीन तासांतला किती वेळ राखून ठेवावा?